चिठ्ठीत घर निघालं

१९ फेब्रुवारी २००६, रविवार

लिहायचं लिहायचं म्हणत जानेवारी घालवला, फेब्रुवारीही संपत आला. डायरी खताच्या कंपनीची आहे. आप्पा, म्हणजे आमचे वडील, गावच्या शेतकी सोसायटीचे चेअरमन; तिथं गठ्ठा आला होता, त्यातली एक उचलली. प्रत्येक पानाखाली कुठल्या पिकाला काय घालायचं ते छापलंय, आणि मी लिहायला बसलो की तेच वाचत बसतो. वांग्यावरच्या अळीचा इलाज आता पाठ झालाय. बहिणीवरचा नाही.

बहीण म्हणजे सुलक्षणा. आम्ही सुली म्हणतो. अकरावीला आहे. ती खाते आणि मग गोठ्यामागं जाऊन ओकते. मुद्दाम. गेल्या वर्षी पारनेरकडचे पाहुणे उगाच बघून ठेवायला आले होते. त्यातली एक म्हातारी म्हणाली, पोरगी अंगानं भरलीय. आप्पा हसून म्हणाले, "चारा चांगला हाय आमच्याकडं." सगळे हसले. मीपण हसलो असेन, आठवत नाही. तेव्हापासून सुली दिवसभर उपाशी राहायला लागली.

आमच्याकडं पुरुषांची जेवणं आधी, पडवीत. नंतर आई आणि सुली आत चुलीपाशी, जे उरेल ते. आई रोज म्हणायची, "टाकायचं न्हाई बाई, पुसून घे पातेलं." सुली पातेलंच काय, दुरडीतल्या भाकरीही संपवायची आणि मग मागं जायची. दिवाळीनंतर कॉलेजच्या पायरीवर चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं. त्याआधी कळायला कुणी समोर बसलेलं असायला पाहिजे ना.

ओकते म्हटल्यावर आप्पांनी आईला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "दुसरं काय न्हाई ना? खात्री करून घे." आईनं खात्री करून घेतली. दोनदा. सुली तेव्हापासून आप्पांच्या समोर येत नाही.

दौंडच्या डॉक्टरांनी या आजाराचं नाव बुलिमिया सांगितलं. मला ते मलेरियाच्या चुलत्यासारखं वाटलं. गोळ्यांनी भागत नाही म्हणाले, बोलण्यानं बरं करतात. पुण्याची मंडळी दर रविवारी दौंडात येऊन अशा पोरींना बघतात, फुकट. पण त्यांच्याकडं दोन उपचार आहेत आणि त्यातला कोणता चांगला ते त्यांना ठरवायचंय. एका उपचारात पोरगी एकटी आत जाते, काय खाल्लं, खाण्याआधी मनात काय आलं, ते लिहिते आणि सरांशी बोलते. घरच्यांनी बाहेर बसायचं. दुसऱ्यात सगळं घर आत. आईबापांनी पोरीचं जेवण हातात घ्यायचं, समोर बसून सोबत जेवायचं, नंतर तासभर तिला सोडायचं नाही आणि बोल लावायचा नाही. कुणाला कोणता, ते चिठ्ठीवर.

आई म्हणाली, "ह्यांनाच म्हाइत न्हाई तर आपुन कशाला आलो?"

सुलीच्या चिठ्ठीत घर निघालं. ज्या घरानं आजार दिला तेच औषध म्हणून.

आज आप्पांना सांगितलं, तुम्ही यायचंय. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "मी बायामाणसांच्या पंगतीत बसू? आन् दौंडात? सगळा तालुका असतो तिथं. निवडणूक हाय सोसायटीची." मग पान उलटलं.

२६ फेब्रुवारी, रविवार

आमच्या खुटबावहून रेल्वेच्या शटलनं गेलो. आई, सुली, मी. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या करुणा मॅडम, खालच्या मजल्यावर एकट्या पोरींचे सत्यजीत सर. वरच्यांनी खालच्यांशी पेशंटबद्दल बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणजे सामना सरळ होईल. कबड्डीत पण इतकं सरळ कुणी खेळत नाही.

मॅडम म्हणाल्या, "वडील?"

आई म्हणाली, "कामात हायेत."

"पुढच्या रविवारी तरी आणा. या उपचारात दोघं लागतात. वडील येणारच नसतील तर मला पुढं नेता येणार नाही, तसं वर कळवावं लागेल."

कळवलं की सुली बाहेर. दुसरा उपचार मागितला तर म्हणाल्या, चिठ्ठी बदलता येत नाही.

मी खाली येऊन बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारा तंबाखू मळत होता. शिरूरचा, म्हाळू नावाचा. नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होता, आता रिटायर. नात गौतमी आत सरांकडं. "तिला आई न्हाई, बाप भोसरीला. मीच सांभाळतो. आन् आता म्हणत्यात तुम्ही भाईर बसा." तो थुंकायला उठला आणि परत आला. "दर आइतवारी डबा घेऊन येतो. भाईर बसून एकटाच खातो."

मग रांजणगावचं निघालं. मी तिथल्या एका कंपनीत काही महिने होतो. कँटीन बरं होतं पण सुपरवायझर बिहारी पोरांना शिव्या द्यायचा आणि एकदा मीच त्याला दिली. म्हाळूमामाला ते फार आवडलं. शटल चुकली.

५ मार्च, रविवार

हे कुणी वाचलं तर माझी खैर नाही.

आप्पा आले नाहीत. स्टेशनवरून येताना आई रडत होती, सुली नव्हती. दवाखान्याच्या दारात म्हाळूमामा दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"मामा, जरा वर येऊन बसता का?"

"कशाला?"

"आमचे वडील म्हणून."

त्यानं ओठातली तंबाखू काढून टाकली. "तुझा बाप जित्ता हाय न्हवं?"

"हाय."

"मग त्याला आण."

"येत नाही."

"गाव कंचं म्हणालास?"

"खुटबाव." आडनावही सांगितलं. तो जरा हसला.

"आन् मी कोण हाय, म्हाइत हाय का तुला?"

"शिरूरचे."

"शिरूरात कुठं?"

"विहाराच्या मागं, म्हणालात ना मागं."

"म्हंजी म्हाइत हाय. तरी इचारतोस. लईच अडलंय दिसतंय."

गौतमी आत जायला उभी होती. सुलीच्याच वयाची, जरा काळी, डोळे सारखे फिरणारे. ती म्हणाली, "जा की आजोबा. इथं बसून तंबाखूच खाणार. तिथं निदान जेवायला मिळंल."

आई म्हणाली, "नाथा, अरे, मी ह्यांच्या शेजारी..." आणि थांबली. म्हाळूमामानं ऐकलं. त्यानं टोपी सारखी केली आणि आईला म्हणाला, "वहिनी, मी लांब बसंन. सवय हाय." मग तीच पुढं होऊन जिना चढली. मी जिन्यातच मामाला आप्पांचं नाव आणि चेअरमनकी सांगून ठेवली.

मॅडमनी विचारलं, "आपलं नाव?"

"पोपटराव," म्हाळूमामा म्हणाला. असा म्हणाला की आप्पांनाही जमलं नसतं.

"काय करता?"

"चेअरमन हाय सोसायटीचा. कामाचा लोड असतो. लोकांचं ऐकून घ्यावं लागतं. आन् न्हाई ऐकलं तरी चालतं."

सुली हसली. खरंच हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

मग डबे उघडले. मॅडम म्हणाल्या, वडिलांनी आणि आईनं तिला पोटभर जेवू घालायचं, मी फक्त बघणार. सुलीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि ताट सरकवलं. म्हाळूमामानं घास उचलला होता, तो तसाच धरला. "तू खा, मग मी."

"मला नको."

"बरं." घास धरूनच बसला. "मला भूक लागलीय. पण बसतो."

"तुम्ही खा ना."

"न्हाई जमत. तुझा झाल्याबिगर माझा जात न्हाई."

फार वेळ गेला. मी खिडकीतून मालगाडी मोजत होतो, मध्येच विसरलो. वळून बघितलं तर सुली खात होती, आणि म्हाळूमामाला मोजकेच दात असल्यामुळं तिला त्याच्या चालीनं खावं लागत होतं. आईनंपण ताट घेतलं. आई पुरुषमाणसासमोर जेवताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. आणि तो पुरुष आप्पा नव्हता.

आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात अजून दोन कप वेगळे ठेवलेत. कुणासाठी ते घरात कुणी बोलत नाही.

१२ मार्च, रविवार

दुसरा रविवार. जेवणानंतरच्या तासात म्हाळूमामा सुलीला शिरूरच्या गल्ल्या सांगत होता, कोणत्या गल्लीला पाणी सोडलं की कोण शिव्या देतं. मॅडम कागदावर लिहीत होत्या. मध्येच विचारलं, "पोपटराव, शिरूरची माहिती बरीच आहे तुम्हाला?"

"मेव्हणा हाय तिकडं," म्हाळूमामा म्हणाला.

मॅडम "बरं" म्हणाल्या. सुटलो.

आज सुली घरीही जेवली आणि आई तिच्यापाशी बसून राहिली. मी गंमत केली, "सावकाश खा, ताट खाशील." सुली उठून गेली. हिला हल्ली चेष्टा कळत नाही.

२ एप्रिल, रविवार

मधल्या काळाचं लिहिलं नाही कारण मी नव्हतो. गहू काढायचं हार्वेस्टर घेऊन पंजाबी आले होते, त्यांना रस्ते दाखवायला गेलो. करमाळा, मग आणखी पुढं. त्यांचा एक ट्रॅक्टरवाला कांदा हातावर फोडून खायचा. मीपण शिकलो. मजा आली. पैसे बुडवले ती गोष्ट वेगळी.

परत आलो तर सुली खाटेवर. ओठ फुटलेले, आवाज बसलेला. मधल्या दोन्ही रविवारी शटलनं न्यायला कुणी नव्हतं, आप्पांनी जीप दिली नाही, म्हणून दोघी गेल्याच नाहीत. आई एकटी कधी दौंडला गेलेली नाही. पुन्हा रोजचं सुरू झालं होतं. डॉक्टरनी सलाइन लावलं, म्हणाले, रक्तातले क्षार असेच उतरत राहिले तर हृदयावर जातं, मग आमच्या हातात नाही.

सगळा दोष आप्पांचा. मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "आन् तू कुठं होतास?" त्यांना विषय बदलायची फार सवय आहे.

आज न्यायलाच पाहिजे होतं, नेलं. म्हाळूमामा बाकावर होताच. माझ्याकडं बघून म्हणाला, "आलास व्हय. दर आइतवारी जिन्याकडं बघत बसलो मी. डबा परत नेला." मग सुलीला बघितलं आणि आमच्याआधी जिना चढायला लागला. आज त्यानं तिला पातळ वरणभात चमच्यानं दिला. ती रडत खात होती. तो म्हणाला, "रड की. रडत बी गिळता येतं. मी लई येळा केलंय."

निघताना सत्यजीत सरांनी खालून हाक मारली, "गौतमीचे आजोबा आहेत का?" आणि म्हाळूमामा आमच्यापुढं जिना उतरून "व्हय साहेब" म्हणून गेला. मॅडम आमच्या मागं जिन्यातच होत्या. थांबल्या, खाली बघितलं, आणि परत वर गेल्या. किल्ली विसरल्या असतील.

९ एप्रिल, रविवार

आज माझं डोकं फिरलंय.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "सुलक्षणाला आम्ही अभ्यासातून काढतोय. दोन उपचारांच्या तुलनेत तिची नोंद धरता येणार नाही."

"म्हणजे यायचं नाही?"

"यायचं. दर रविवारी यायचं. मी तिला बघत राहीन. फक्त मोजणीत ती नाही."

"का? ती मध्ये बिघडली म्हणून? तुमचा आकडा खराब होईल म्हणून?"

त्यांनी हातातले कागद मिटले. मग म्हणाल्या, "नाही. मोजलं तर खोटं होईल, म्हणून." आणि जाताना, "वडिलांना सांग, चुकवू नका. जे आत्ता येतात त्यांना."

बघा. गावाकडची पोरगी म्हणून खोटी. आजारी पडली तेव्हा खरी होती, बरी व्हायला लागली की खोटी. यांना चांगल्या घरातल्या, पहिल्या झटक्यात बऱ्या होणाऱ्या पोरी पाहिजेत. मी हे सगळं म्हाळूमामाला सांगितलं. तो तंबाखू मळायला लागला. म्हणाला, "बाई शहाणी हाय. नाव करुणा हाय नव्हं का?" त्याचा इथं काय संबंध?

१६ एप्रिल, रविवार

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीनंतर म्हाळूमामाचा घसा गेलाय आणि गुडघापण. तरी आला. सुलीनं त्याला विचारलं, "नाचलात का?" तो म्हणाला, "चेअरमननी नाचायचं नसतं."

पण आजचं खरं ते घरी झालं.

संध्याकाळी सोसायटीचे दोन संचालक जेवायला होते. पडवीत तीन ताटं. आई वाढत होती. सुली आतून स्वतःचं ताट घेऊन आली आणि आप्पांच्या समोर मांडी घालून बसली. संचालक आपापल्या वाटीत बघायला लागले.

आप्पा म्हणाले, "आत जा."

सुली म्हणाली, "तुम्ही घास उचला, मग मी उचलते."

"सुले, पाव्हणे हायेत."

"असू द्या. तुमचा झाल्याबिगर माझा जात न्हाई."

आप्पांनी अर्ध्या ताटात हात धुतला आणि उठले. मला वाटलं आता मारतात. ते नुसते अंगणात गेले. सुली तिथंच बसून, दोन परक्या माणसांसमोर, भाकरी संपवून उठली. एक संचालक शेवटी तिला म्हणाला, "लोणचं घे की, पोरी." आणि ती गोठ्यामागं गेली नाही. मी लक्ष ठेवून होतो. आईपण होती.

नंतर आप्पांनी आईला चुलीपाशी येऊन विचारलं. मी दाराआड होतो.

"तिथं जेवती का ती?"

"जेवती."

"कुणासंगं?"

आई भांडी विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "बापासंगं."

आईचं डोकं ठिकाणावर नाही. मला वाटलं आता सगळं उघडं पडणार. पण आप्पांनी माठातून तांब्याभर पाणी घेतलं. उभ्यानंच प्यायले आणि गेले.

२३ एप्रिल, रविवार

हे बाकावर बसून लिहितोय. मॅडमनी मला बाहेर काढलं. म्हणाल्या, तू दर मिनिटाला उठतोस, एक तर बस नाही तर खाली थांब. वर आई, सुली आणि म्हाळूमामा जेवायला बसलेत. आज आईनं मटण करून आणलंय, म्हाळूमामासाठी. आम्ही निघताना आप्पांनी विचारलं, कुठल्या बाजूला आहे दवाखाना. मी सांगितलं, स्टेशनच्या मागं. कशाला विचारलं कुणास ठाऊक.

गौतमीचं आजचं संपलं. शेजारी बसली आहे. मी तिला विचारलं, तुमचा उपचार बरा का आमचा?

ती म्हणाली, "आमच्यात कुणाला हात जोडायला लागत न्हाईत. आपलं आपण. कधी मन खायला उठतं ते आता आधी कळतं मला."

"मग चांगलंय की."

"चांगलंच हाय. मंगळवारी परत झालं. लिहून ठेवलं. सर म्हणाले, ठीक आहे, पुढं चला. घरात कुणाला कळलं बी न्हाई." मग वर जिन्याकडं बघून, "आजोबाला सांगू म्हणलं होतं. पण तो तुमच्या बहिणीला भरवायच्या नादात असतो. आता तर मटण बी हाय."

"आज सांग."

"बघू. त्याला आता बाप व्हायची सवय लागलीय. आज्या होण्यात तेवढी मजा न्हाई."

ती हसली पण डोळे हसले नाहीत. मी तिला करमाळ्याच्या कांदेवाल्याची गोष्ट सांगायला लागलो. ती ऐकत नव्हती, रस्त्याकडं बघत होती. मध्येच म्हणाली, "ते बघा. कुणीतरी दवाखाना इचारतंय. पांढऱ्या टोपीतला."

मी बघितलं. पानाच्या टपरीपाशी आमची जीप उभी आहे. आप्पा आहेत. एकटेच. ड्रायव्हर नाही, सोसायटीचं कुणी नाही. टपरीवाला हात करून इकडं दाखवतोय. आप्पांच्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं आहे, आणि ते असं बांधलंय की भाकरीचा अर्धा चंद्र बाहेर लोंबतोय. आईनं बांधलेलं नाही ते. स्वतः बांधून घेतलंय.

वरून म्हाळूमामाचा आवाज येतोय, "आता तुझा."

आप्पा रस्ता ओलांडून आले. पायरीशी वाकून चपला काढतायत.